पेन हलकं धरा, काकू

टॅबलेटवर मी काढलेलं पहिलं वर्तुळ उभट आलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी जीभ दातांत धरून काढलं, तरी अंडंच. अठरा वर्षं दिवाळी अंकांची आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून घराला हातभार लावणारी मी बाई, आणि मला एक गोल जमेना. नवऱ्याने चहाचा कप ठेवता ठेवता मॉनिटरकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. ते न बोलणं जास्त लागलं.

हे २०१० सालचं. श्रावण लागला होता, म्हणजे आमच्या धंद्यातली ऐन सुगी. दिवाळी अंकांच्या कथा जुलैपासून यायला लागतात आणि गणपतीच्या आत निम्मी चित्रं संपादकांच्या हाती पडलेली बरी. तोवर माझी पद्धत ठरलेली होती. आयव्हरी कार्ड, त्यावर पेन्सिलीचा कच्चा आराखडा, मग क्रोक्विल निब आणि कॅमलची वॉटरप्रूफ काळी शाई. वाळलं की खोडरबर फिरवायचं आणि कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडे जाऊन स्कॅन करून घ्यायचं.

ही पद्धत झकास चालायची, संपादकांचा फोन येईपर्यंत. ‘ताई, चित्र मस्तच. फक्त नायिका जरा थोराड वाटते. चार-पाच वर्षांनी लहान करता येईल का?’ करता येतं की. पांढऱ्या पोस्टर कलरने गाल बुजवायचा, वाळू द्यायचा, त्या थरावर पुन्हा निब चालवायची. पांढऱ्यावर निब अडखळते, शाई फुटते. दोन दुरुस्त्या कशाबशा निभतात, तिसरीला चित्रच नव्याने काढावं लागतं. त्या वर्षी एका कथेचं एकच चित्र मी चार वेळा काढलं आणि चौथ्या वेळी दौत कलंडली. दुसऱ्या दिवशी साडेचार हजार रुपये मोजून टॅबलेट घरी आणला.

आता टॅबलेट म्हटलं की लोकांना काचेचा, बोटाने चालणारा आठवतो. हा तसा नव्हे. ही पाटीसारखी काळी प्लॅस्टिकची फळी. पेन चालायची जागा जेमतेम पावणेसहा इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. पाटीवर काहीही उमटत नाही. पेन इथे फिरतं आणि रेष समोर मॉनिटरवर दिसते. हात मांडीजवळ, डोळे भिंतीकडे. आमची आजी रेडिओ ऐकत वाती वळायची, बोटांकडे ढुंकूनही बघायची नाही. तसं करायचं, एवढंच. पण आजीच्या त्या बोटांमागे साठ वर्षं होती.

पहिले पंधरा दिवस मी चित्र काढलंच नाही, नुसती सही करत बसले. सही हाताला पाठ असते, ती बिघडली की नेमकं कुठे बिघडतंय ते कळतं. माउस उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि फोल्डर उघडण्यापासून बँकेचं स्टेटमेंट बघण्यापर्यंत सगळं पेनने करायला लागले. तिसऱ्या आठवड्यात हाताला मॉनिटर सापडला. अमुक दिवशी जमलं असं सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की आपण हाताकडे बघत नाही, बस.

वर्तुळ मात्र उभटच. गंमत अशी की सावकाश काढलं की ठीक यायचं, कारण डोळा चूक बघून हाताला आवरायचा. झटक्यात काढलं की उभट. आणि माझं सगळं काम झटक्याचं. पदराची घडी, केसांची बट, बैलाची पाठ. महिनाभर माझ्या कथांमधल्या बाया अचानक सडपातळ झाल्या. एका संपादकाने तर कौतुकही केलं.

उलगडा झाला तो शेजारच्या मुलामुळे. तो तेव्हा ॲनिमेशनचं शिकत होता. त्याने मॉनिटरकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काकू, तुमचा मॉनिटर चौकोनी जुना आणि टॅबलेट लांबट. प्रपोर्शन लावलंय का?’ मी काहीच लावलं नव्हतं. माझा मॉनिटर १२८० बाय १०२४ चा, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वापट. पाटीची रुंदी उंचीच्या जवळजवळ १.६ पट. ड्रायव्हरने, म्हणजे टॅबलेटची कॉम्प्युटरशी गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरने, काय केलं होतं, तर अख्खी पाटी अख्ख्या मॉनिटरवर ताणून बसवली होती. त्यामुळे पाटीवरचा खरा गोल मॉनिटरवर आडव्यापेक्षा उभा सव्वापटीहून थोडा जास्त ताणला जायचा. सेटिंगमध्ये प्रमाण राखायचा एक चौकोन होता, त्यावर बरोबरची खूण केली आणि गोल गोल झाला. पाटीच्या उजवीकडची तीनेक सेंटिमीटरची पट्टी निकामी झाली, तिथे मी मास्किंग टेप लावून टाकली. दोन मॉनिटर लावणाऱ्यांचंही हेच होतं. पाटी दोन्हींवर पसरली की वर्तुळाची आडवी काकडी होते. महिनाभर मी स्वतःच्या हाताला दोष देत होते आणि दोष एका न केलेल्या खुणेचा होता.

घरी येणारा प्रत्येक जण पेन हातात घेऊन एकच प्रश्न विचारतो, ‘यात सेल कुठे घालायचा?’ सेल नसतोच. सतारीच्या तरफा असतात ना, वाजवायच्या तारेचा सूर लागला की न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तसा प्रकार आहे. पाटीच्या पोटात वायरींची बारीक जाळी असते. ती एका क्षणी चुंबकीय लहर सोडते आणि दुसऱ्या क्षणी कान देते. पेनच्या टोकाजवळ वायरीचं छोटंसं वेटोळं असतं. लहर पोचली की तेवढ्याच ऊर्जेवर ते झंकारतं आणि उलट साद देतं. जाळीत साद कुठे सगळ्यात जोरात ऐकू आली यावरून पेन कुठे आहे ते कळतं. टोक दाबलं की त्या झंकाराचा सूर किंचित बदलतो, आणि तो बदल म्हणजे दाब. म्हणून पेन पाटीपासून थोडं वर धरलं तरी कर्सर हलतो आणि मध्ये कागद ठेवला तरी बिघडत नाही. म्हणूनच मी मोबाइल पाटीला टेकवून ठेवला की रेष थरथरायची आणि मला वाटायचं हात कापतोय, वय झालं.

ही बिनसेलची पेनं रुळवली ती १९८३ साली जपानमध्ये सुरू झालेल्या वाकॉम कंपनीने. नंतर आलेल्या कित्येक स्वस्त टॅबलेटांच्या पेनांत सेल घालावा लागे किंवा ती चार्जिंगला लावावी लागत. आता त्यांतलीही बहुतेक बिनसेलची झाली. शेजारच्या मुलाला या सगळ्याचा इतिहास पाठ. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने १९६४ सालीच दहा इंची चौरस पाटी केली होती आणि तिचं पेन वायरीने बांधलेलं होतं, हे त्याने मला किमान तीनदा सांगितलंय.

आता दाबाबद्दल. इथेच माझा जीव अडकला.

क्रोक्विल निबला मधोमध चीर असते. हलका हात ठेवला तर केसासारखी रेष. दाबलं की चिरेच्या दोन्ही पात्या फाकतात, शाई जास्त उतरते, रेष जाड होते. ही जाडी हाताला जाणवते. पात्या परत दाबतात, कागद खरखरतो, कर्र आवाज येतो. टॅबलेटच्या पेनला पात्या नाहीत. टोक आत जातं ते जाणवणारही नाही इतकं. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक. म्हणजे मी दाबतेय, पण माझ्याविरुद्ध कोणी दाबत नाही. हाताला वाटतं पुरेसं झालं नाही, म्हणून तो आणखी दाबतो. दोन महिन्यांत माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. पोळी लाटताना कळ यायची. पेनची निब, म्हणजे त्याचं प्लॅस्टिकचं टोक, झिजून तिरपी झाली आणि पाटीवर मधोमध चकचकीत डाग पडला, आमच्या उंबऱ्याच्या दगडावर आहे तसा.

ड्रायव्हरमध्ये दाबासाठी एक सरकपट्टी होती. एका टोकाला मऊ, दुसऱ्या टोकाला कडक. माझा हात जड, म्हणून मी ती कडककडे नेली. सोबतच्या पुस्तिकेतही तसंच सुचवलं होतं. रेषा सुधारल्या, अंगठा बिघडला. कारण उघड होतं. कडक केलं की जाड रेषेसाठी आणखी दाबावं लागतं.

एका संध्याकाळी तो मुलगा आला आणि दारातच थबकला. ‘काकू, तुम्ही पेन धरलंय की खिळा ठोकताय?’ मग त्याने सरकपट्टी पार मऊ टोकाला नेली. मी ओरडलेच. नुसतं टेकवलं तरी दोरखंड उमटत होता. ‘आठवडाभर असंच राहू द्या. काम नका करू, फक्त बारीक रेषा काढत बसा. पेन हलकं धरा, काकू.’ आठवडाभर मी पानंच्या पानं गवत काढलं. पहिले तीन दिवस ऊस उगवला. मग वेत. सातव्या दिवशी कुठे दूर्वा म्हणता येतील अशा काड्या आल्या. अंगठ्याची कळ महिन्याभरात गेली.

पुढच्या टॅबलेटमध्ये सरकपट्टीऐवजी आलेख होता. आडव्या बाजूला हाताचा दाब, उभ्या बाजूला त्यातून मिळणारी जाडी. सुरुवातीला सरळ तिरकी रेष असते. तिला चिमटीत धरून वाकवायचं. माझी रेष आता अशी आहे: सुरुवातीला थोडी सपाट, म्हणजे पेन नुसतं टेकलं तर डाग पडू नये. मधे दमदार चढ, कारण माझं सगळं काम त्या पट्ट्यात चालतं. आणि सत्तर टक्के दाबालाच माथा. पूर्ण जाडीसाठी पूर्ण ताकद लावायची गरज नाही, उरलेले तीस टक्के अंगठ्याचे. क्रिटा नावाचं फुकट मिळणारं चित्रकामाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात असाच आलेख प्रत्येक ब्रशला वेगळाही लावता येतो. मग शाईच्या रेषेचा वेगळा, पेन्सिलीचा वेगळा. यात तास कसे जातात कळत नाही, म्हणून मी स्वतःला चार ब्रशांच्या पुढे जाऊ देत नाही.

खोक्यांवरच्या आकड्यांबद्दलही एकदा बोलून घेते. माझ्या पहिल्या पाटीवर दाबाच्या १०२४ पायऱ्या लिहिल्या होत्या, दुसऱ्यावर ४०९६, आत्ताच्यावर ८१९२. दुकानदार हा आकडा मोटारीच्या ॲव्हरेजसारखा सांगतात. माझी सगळ्यात जाड रेष ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, वीस पिक्सेलची असते, म्हणजे छापल्यावर पावणेदोन मिलिमीटरही नाही. १०२४ पायऱ्या वीस पिक्सेलमध्ये वाटल्या तरी एका पिक्सेलमागे पन्नास आल्या. एवढ्या माझ्या डोळ्याला दिसत नाहीत आणि प्रेसच्या मशिनलाही नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने. किती हलक्या स्पर्शाला पेन जागं होतं, याने. जुन्या पेनला थोडं ढोसावं लागे, तेव्हा कुठे रेष सुरू व्हायची, आणि सुरू व्हायची ती एकदम. त्यामुळे म्हाताऱ्याच्या दाढीचे खुंट, पापण्या, मांजराच्या मिशा असल्या हवेतून उतरणाऱ्या रेषा सुरुवातीला खुडल्यासारख्या दिसत. नव्या पेनात त्या उतरतात. हा गुण खोक्यावर ठळक कधी लिहीत नाहीत, हातात घेऊनच कळतो.

निबांबद्दल थोडंसं. बोटाच्या पेरावर निब फिरवून बघायची. गोल लागली तर ठीक, धार लागली तर बदलायची, नाहीतर ती पाटी खरवडते. जुनी ओढून काढायला धातूची एक छोटी कडी मिळते, ती हमखास हरवते. मी भुवया कोरायचा चिमटा वापरते. पाटी फार गुळगुळीत वाटते म्हणून मी मधे वर्षभर तिच्यावर साधा कागद चिकटवला होता. रेषेला अशी सुंदर पकड आली की विचारू नका, अगदी कार्डावर काढल्यासारखी. पण कागद निब खातो. पूर्वी सहा महिने जाणारी निब पाच आठवड्यांत गेली. आता कागद फक्त मुखपृष्ठाच्या कामाला लावते, लग्नकार्यात पैठणी नेसावी तसा.

आतापर्यंतची गोष्ट चित्रांची झाली. अक्षरांनी वेगळाच धडा दिला.

कथांची शीर्षकंही मीच लिहिते. लहानपणी वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती यायच्या, त्यातली कमल शेडगे यांची अक्षरं कापून मी वहीत चिकटवायची. ती वही अजून आहे. तर २०११ च्या हंगामात एका कथेच्या शीर्षकात ‘भ’ आणि ‘ळ’ शेजारी शेजारी आले. म्हटलं, आता दाब जमतोय, पेननेच लिहू. लिहिलं. अक्षरं वाकली नव्हती, रेषा स्वच्छ होत्या, तरी काहीतरी परकं दिसत होतं. ‘ळ’ तर जणू इंग्रजी लग्नपत्रिकेतून उठून आला होता.

बोरू काढून तोच शब्द कागदावर लिहिला तेव्हा कळलं. बोरूला दाब लागतच नाही. त्याचं टोक सपाट, तिरपं कापलेलं असतं. जाड-बारीक ठरतं ते रेष त्या कापाच्या कोणत्या बाजूने धावते यावर. कापाच्या दिशेने सरकली की बारीक, आडवी कापत गेली की जाड. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. क्रोक्विलला दाबाने जाडी येते, बोरूला कोनाने. मी देवनागरीला क्रोक्विलच्या रीतीने दाबून लिहीत होते, म्हणून जिथे हाताला जोर चढला तिथे जाडी आली, अक्षराला जिथे हवी तिथे नाही.

मग दाबाची जाडी बंद केली. ब्रशचं टोक गोलाऐवजी चपटं केलं आणि सॉफ्टवेअरमधल्या तयार कॅलिग्राफी ब्रशसारखा कोन ४५ अंशांवर ठेवला. तरीही अक्षरं उलटी वाटत होती, आरशात बघितल्यासारखी. अर्धा दिवस गेला आणि मग कपाळावर हात मारला. इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबचा तिरपेपणा एका बाजूला असतो, आपल्या बोरूचा काप त्याच्या उलट बाजूला. दुकानात निब घेताना ‘मराठीची द्या’ असं मीच अठरा वर्षं सांगत आले होते! कोन १३५ केला आणि पहिल्याच ‘भ’ला मराठी वळण आलं.

एवढं करूनही ती अक्षरं जरा यंत्रासारखी यायची, कारण खरा बोरू वळणावर चिमटीत किंचित फिरतो. ‘ळ’ची दुसरी वाटी पुरी करताना माझी बोटं बोरू केसभर वळवतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतही नव्हतं. स्वतःभोवती फिरलेलं ओळखणारी पेनं असतात, पण ती वेगळी घ्यावी लागतात आणि महाग. सध्याचं माझं पेन कलतं कुठे ते ओळखतं, फिरणं नाही. त्यावर मी माझा उपाय काढला. दाब जाडीला न देता शाईला दिला. हात हलका झाला की जाडी तीच राहते, पण शाई सुकी पडते, कागदाचे कण दिसू लागतात. शब्दाच्या शेवटी बोरूतली शाई संपत येते तेव्हा दिसतं तसं. छोटी शीर्षकं आता अशीच करते. मुखपृष्ठाची अक्षरं मात्र अजून बोरूने कागदावर लिहून स्कॅन करते, आणि यात मला कमीपणा वाटत नाही.

रेष आपोआप सरळ करून देणारी एक सोय असते, स्टॅबिलायझर. नवी मुलं ती पूर्ण चढवून काम करतात. रेष लोण्यासारखी येते खरी, पण मग सगळ्यांची लोण्यासारखीच येते. मी अगदी थोडी ठेवते, चहा जास्त झालेल्या दिवशी जरा वाढवते.

जास्त फसवतो तो झूम. चारशे टक्क्यांवर मी एकदा एका आजीच्या पापण्या तासभर कोरल्या. अंकात ते चित्र दोन इंचांचं छापलं गेलं आणि आजीचे डोळे मिटलेले दिसत होते.

आता त्या रात्रीबद्दल. २०१९ चा सप्टेंबर, गणपती नुकतेच गेले होते. एका अंकाची शेवटची दोन पानं सकाळी आठला प्रेसला जायची होती. रात्री साडेअकराला कॉम्प्युटरने स्वतःहून अपडेट घेतलं, बंद झाला, चालू झाला. पेन उचललं तर सगळ्या रेषा एकसारख्या जाड. हलकं धरा, जोर लावा, काही फरक नाही. बॉलपेनने काढावं तसं. शिवाय पेन टेकवलं की कर्सरभोवती पाण्यात खडा पडल्यासारखं वलय उठायचं आणि अर्धा सेकंद रेष सुरूच व्हायची नाही. नवरा झोपेतून उठून आला. म्हटलं, ‘प्रेशर गेलं.’ तो घाबरून बीपीचं मशिन आणायला निघाला. ‘माझं नाही, पेनचं!’

पेनचा दाब कॉम्प्युटरपर्यंत पोचायला दोन रस्ते असतात. एक जुना, विनटॅब नावाचा, टॅबलेटच्या ड्रायव्हरचा. दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतःचा. चित्राचं सॉफ्टवेअर एका रस्त्यावर वाट बघत बसलं आणि पेन दुसऱ्या रस्त्याने आलं की चुकामूक होते. रेष पोचते, दाब वाटेत राहतो. हे मला आज माहीत आहे. त्या रात्री मी आधी वायर काढून लावली, मग निब बदलली, मग देवाचं नाव घेतलं. साडेबाराला त्या मुलाला मेसेज टाकला. तो तेव्हा हैदराबादला नोकरीला होता आणि ॲनिमेशनवाले रात्री जागेच असतात. त्याने सांगितल्याप्रमाणे टॅबलेटची सर्व्हिस, म्हणजे त्याचा मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा चालू केली. काही झालं नाही. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने घातला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रस्ता बदलला. दीड वाजता दाब परत आला.

आणि माझा आलेख गेला. ड्रायव्हरबरोबर सगळी सेटिंगं पुसली गेली होती. समोर पुन्हा ती सरळ तिरकी रेष, पहिल्या दिवशीची. पण इथे माझी जुनी सवय कामी आली. आमचे कॉलेजातले सर म्हणायचे, जो रंग जमला त्याचं प्रमाण कागदावर लिहून ठेवा, उद्या डोळ्यावर विसंबू नका. म्हणून मी तो आलेख वर्षभरापूर्वी ग्राफपेपरवर पेन्सिलीने उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कपाट उघडलं, घरं मोजली आणि चार बिंदू जागच्या जागी ओढले. पहिली रेष काढली, एका बाईच्या मानेवरून खांद्यावर उतरणारी. उतरली.

पावणेपाचला दोन्ही चित्रं मेल केली. आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून, चहा गाळत होते तेवढ्यात फोन वाजला. सात वाजून दहा मिनिटं.

‘ताई, झकास! फक्त नायिका जरा थोराड वाटते का बघा. चार-पाच वर्षं...’

‘बघते,’ म्हटलं. गालाची रेष वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर होती. ती पुसून पुन्हा काढली, डोळ्यांखालची घडी उडवली, हनुवटी थोडी वर घेतली. चहावर साय धरायच्या आत फाइल परत गेली. त्यांनी पाच मागितली होती, मी चांगली सात वर्षं कमी केली.